नवे पोर्ट संगणकात कधी यावे आणि जुने कधी जावे?

सांगलीकर

नमस्कार. मी एका तंत्रनिकेतनात संगणक विभागात शिकवतो. यंदा प्रयोगशाळेसाठी ४० डेस्कटॉप घ्यायचे असून निविदेसाठी तांत्रिक तपशील लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. प्रोसेसर, मेमरी, डिस्क हे सारे लिहून झाले आणि पोर्टच्या रकान्यापाशी मी अडलो. तरुण सहकाऱ्यांचे म्हणणे असे की ही यंत्रे आपल्याकडे सात-आठ वर्षे राहणार, तेव्हा यूएसबी४ (यूएसबीचे नवे, अतिवेगवान मानक) असलेलीच घ्यावीत. ज्येष्ठ सहकारी म्हणतात की वर्गांतले बहुतेक प्रोजेक्टर व्हीजीएचे (चित्र नेणाऱ्या जुन्या जोडणीचे) आहेत आणि प्रयोगांची कित्येक उपकरणे अजून सिरियल पोर्टवर (यूएसबीच्या आधीच्या जोडणीवर) चालतात, तेव्हा आधी त्यांची सोय पाहावी.

खरेदीचा निर्णय आम्ही घेऊच. परंतु त्यानिमित्ताने एक मूळ प्रश्न पडला आहे. यूएसबी ३.० चे मानक नोव्हेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झाले, तरी २०१२ च्या सुरुवातीला मी घेतलेल्या लॅपटॉपवर तसे एकही पोर्ट नव्हते. याउलट टाइप-सीचे (दोन्ही बाजूंनी बसणाऱ्या नव्या आकाराच्या यूएसबी पोर्टचे) मानक ऑगस्ट २०१४ मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी अॅपलने असा मॅकबुक विकायला काढला, ज्यावर हेडफोनची जागा सोडली तर टाइप-सीचे एकच पोर्ट होते. एकाने इतका उशीर केला आणि दुसऱ्याने इतकी घाई केली, तर नवे मानक स्वीकारण्याची योग्य वेळ उत्पादकांनी ठरवावी तरी कशी?

तारायंत्र

सांगलीकर सर, आपल्या लॅपटॉपच्या खरेदीची तारीखच बरेच काही सांगून जाते. इंटेलने यूएसबी ३.० स्वतःच्या चिपसेटमध्ये (प्रोसेसरला पोर्टांशी जोडणाऱ्या चिपमध्ये) घातले ते ७ मालिकेपासून, म्हणजे एप्रिल २०१२ मध्ये. त्याआधी ज्या उत्पादकाला हे पोर्ट द्यायचे असे, त्याला एनईसीसारख्या कंपनीची वेगळी चिप विकत घेऊन बोर्डावर बसवावी लागे. त्यात चिपची किंमत आली, बोर्डावरची जागा आली आणि पीसीआय एक्सप्रेसची (बोर्डावरच्या चिपांना जोडणाऱ्या मार्गाची) एक लेनही खर्ची पडली. स्वस्त लॅपटॉपमध्ये जिथे प्रत्येक रुपयाचा हिशेब होतो, तिथे हा खर्च कोणी करत नसे.

एवढे करूनही पूर्ण वेग मिळेल याची खात्री नव्हती. इंटेलच्या ५ मालिकेच्या चिपसेटमधून निघणारी लेन २.५ गिगाट्रान्सफरच्या वेगाने चालत असे, आणि तिच्यातून एका दिशेने सेकंदाला फार तर २५० मेगाबाइट जात. यूएसबी ३.० च्या ५ गिगाबिटमधून संकेतनाचा भार वजा केला तरी ५०० मेगाबाइटची सोय होती. रस्ता दुपदरी, पण त्यावरचा पूल एकपदरी, अशी ती अवस्था होती. शिवाय ऑक्टोबर २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ मध्ये या पोर्टचा ड्रायव्हर अंगभूत नव्हता. तो मिळाला २०१२ च्या विंडोज ८ मध्ये. लिनक्सच्या २.६.३१ या कर्नलमध्ये मात्र तो सप्टेंबर २००९ मध्येच आला होता, जेव्हा बाजारात त्यासाठी उपकरणे जवळजवळ नव्हतीच.

इतक्या अडचणी असूनही, २०१० मध्ये ज्या मदरबोर्ड उत्पादकांनी जादा चिप बसवून यूएसबी ३.० ची निळी पोर्टे दिली, त्यांनी योग्यच केले असे माझे ठाम मत आहे. त्या पोर्टमध्ये जुन्या चार पिना जशाच्या तशा ठेवून आणखी पाच बसवल्या होत्या, त्यामुळे जुना पेन ड्राइव्ह किंवा माउस लावणाऱ्याचे काहीच बिघडत नव्हते. ज्याच्याकडे नव्या मानकाची बाहेरची डिस्क होती त्याला मात्र लगेच लाभ होई. यूएसबी २.० वर प्रत्यक्षात सेकंदाला ३३ मेगाबाइटच्या आसपास वेग मिळे, म्हणजे १०० गिगाबाइटच्या प्रतीला सुमारे ५० मिनिटे लागत. त्या काळातली साधी फिरती डिस्क १०० मेगाबाइट वेगाने लिहू शकत असे, म्हणजे तेच काम १७ मिनिटांत होई. पूल एकपदरी असला तरी गाडी त्यावरून अडखळत नव्हती.

त्यामुळे आपल्या प्रश्नाचे मी दोन भाग करीन, कारण नवे पोर्ट घालणे हा एक निर्णय आहे आणि जुने काढणे हा अगदी वेगळा निर्णय आहे. नव्या पोर्टमध्ये जुनी उपकरणे चालत असतील, तर चिप मिळू लागताच ते घालावे. आकारच बदलला असेल, तर जुन्याच्या शेजारी एक द्यावे. काढण्याच्या बाबतीत मात्र उपकरणांचे आयुष्य मोजले पाहिजे, आणि ते संगणकाच्या आयुष्यापेक्षा बहुधा मोठे असते. एएमडीने यूएसबी ३.० आपल्या ए७५ चिपसेटमध्ये २०११ मध्येच दिले होते. इंटेलनेही तेव्हाच दिले असते, तर आपल्या लॅपटॉपवर ते पोर्ट असण्याची शक्यता पुष्कळ वाढली असती. बाजारातला सर्वांत मोठा चिपसेट उत्पादक थांबला की त्याच्यामागे सगळेच थांबतात.

जुना_बोर्ड

तारायंत्र यांचे विवेचन पटले, तरी ‘नवे घालावे आणि जुने राहू द्यावे’ या मार्गाने नवे मानक रुजतेच असे नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. यूएसबीचे पहिले मानक जानेवारी १९९६ चे. १९९७ मध्ये आमच्या डीटीपीच्या दुकानात आलेल्या संगणकावर त्याची दोन पोर्टे होती आणि पुढची दोन वर्षे त्यांत आम्ही काहीही लावले नाही. मूळ विंडोज ९५ ला ते पोर्ट ओळखताच येत नव्हते, त्याची व्यवस्थित सोय जून १९९८ च्या विंडोज ९८ मध्ये झाली. प्रिंटर बनवणारे म्हणत की सगळ्यांकडे पॅरलल पोर्ट आहे, मग आम्ही बदल का करावा? आणि ग्राहक म्हणे की यूएसबीचा प्रिंटरच मिळत नाही, तर त्या पोर्टचे काय करू?

ही कोंडी फोडायला मोठा हातभार लावला तो ऑगस्ट १९९८ मध्ये विक्रीस आलेल्या आयमॅकने. अॅपलने त्यातून स्वतःची जुनी सिरियल, एडीबी आणि स्कझी ही पोर्टे व फ्लॉपी ड्राइव्ह काढून टाकला आणि कीबोर्ड, माउस, प्रिंटर या सगळ्यांसाठी यूएसबीच ठेवले. ज्यांना आयमॅकच्या ग्राहकाला काही विकायचे होते, त्यांना यूएसबीची उपकरणे बनवावीच लागली, आणि ती पुढे विंडोजवाल्यांच्याही कामी आली. कोणीतरी जुने काढण्याचे धाडस केल्याशिवाय नव्याला जागा मिळत नाही, हे मला तेव्हा पटले.

परंतु त्या धाडसाची किंमत कोण मोजतो, हेही मी अनुभवले आहे. आमच्या मराठी अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरचे हार्डवेअर लॉक (जे लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही असा छोटा जोड) पॅरलल पोर्टला लावावे लागे. पुढे नवा संगणक आणला, तेव्हा त्यावर ते पोर्ट नव्हते. विक्रेत्याने यूएसबीला लावायचा कन्व्हर्टर दिला. त्यावर प्रिंटर चालला, पण लॉक चालेना, कारण ते सॉफ्टवेअर थेट ३७८ या पत्त्यावरच्या पोर्टशी बोलत असे आणि कन्व्हर्टर फक्त प्रिंटरपुरती नक्कल करत होता. त्या एका लॉकसाठी आम्ही जुना संगणक सात वर्षे सांभाळला. लग्नपत्रिका आणि दिवाळी अंकांची जुळणी त्यावर करायची आणि छपाईसाठी फाइल नव्या संगणकावर न्यायची, असा आमचा क्रम होता.

म्हणून काढणाऱ्याला माझी एकच अट आहे: जे काढता, त्याच्या बदल्यात वापरणाऱ्याच्या हाती काहीतरी चांगले पडले पाहिजे. १९९८ मध्ये ते पडले. संगणक बंद न करता उपकरण लावता आले, तीन आकारांच्या वायरींऐवजी एकच आकार आला. २०१६ च्या मॅकबुक प्रोमधून एचडीएमआय आणि एसडी कार्डाची खाच गेली, तेव्हा छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यातले कार्ड तेच राहिले आणि सभागृहातला प्रोजेक्टरही तोच राहिला, फक्त पिशवीत एक अडॉप्टर वाढला. ऑक्टोबर २०२१ मध्ये अॅपलने त्या दोन्ही गोष्टी परत आणल्या, आणि माझ्या दृष्टीने तो प्रामाणिक निर्णय होता.

सुटेभाग

माझे लॅपटॉप दुरुस्तीचे दुकान आहे, त्यामुळे मी केवळ केबल आणि सॉकेट यांच्यापुरते लिहितो. मानक प्रसिद्ध झाल्याच्या दिवशी ते कागदावर पूर्ण असते, पण ते नीट समजून बनवणारे कारखाने तयार व्हायला आणखी काही वर्षे जातात. टाइप-सीच्या सुरुवातीच्या काळात, जुन्या आकाराच्या पोर्टमधून टाइप-सीकडे जाणाऱ्या कित्येक केबलींमध्ये ५६ किलोओहमऐवजी १० किलोओहमचा रेझिस्टर बसवलेला असे. त्यामुळे फोनचा समज होई की समोर ३ अँपिअर देणारा चार्जर आहे, आणि तो संगणकाच्या पोर्टमधून झेपेल त्याहून जास्त प्रवाह ओढू लागे. गूगलमधले अभियंता बेन्सन लिउंग यांनी २०१५ च्या अखेरीस अशा केबली स्वतः विकत घेऊन तपासायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये चुकीच्या जोडणीच्या एका केबलीने त्यांचा क्रोमबुक पिक्सेलच निकामी केला.

चूक केवळ स्वस्त केबलवाल्यांकडून होते असेही नाही. जून २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ वर टाइप-सी सॉकेटच्या दोन सीसी पिनांना (समोर काय जोडले आहे ते ओळखणाऱ्या पिनांना) वेगवेगळे रेझिस्टर देण्याऐवजी दोघींत मिळून एकच दिला होता, त्यामुळे चिप असलेल्या चांगल्या केबलीने तो बोर्ड सुरूच होत नसे आणि साध्या केबलीने होई. पुढच्या आवृत्तीत त्यांनी ते सुधारले. मानक तेव्हा पाच वर्षांचे झाले होते.

माझी खरी तक्रार निराळीच आहे. दुकानात रोज कोणीतरी लॅपटॉप घेऊन येतो आणि सांगतो की टाइप-सीमधून मॉनिटर लागत नाही, पोर्ट बिघडले आहे. पोर्ट उत्तम असते. त्या मॉडेलमध्ये त्या पोर्टातून चित्र जाण्याची सोयच दिलेली नसते. आकार एक, पण एकातून चार्जिंग होते आणि दुसऱ्यातून नाही, एकाचा वेग ४८० मेगाबिट आणि दुसऱ्याचा ४० गिगाबिट, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. नवे पोर्ट लवकर देणाऱ्या उत्पादकाने त्याच्या शेजारी वेग, वॅट आणि चित्राची खूण ठसठशीत छापली पाहिजे. हे करायला चिपसेटची वाट पाहावी लागत नाही.

सांगलीकर

सर्वांचे आभार. ‘घालणे’ आणि ‘काढणे’ हे दोन निर्णय मी आजवर एकच समजत होतो. आता एक शंका उरते: हे सारे उत्पादकांच्या मर्जीवर सोडावे, की सरकारने ठरवून द्यावे?

बर्लिनवासी

इथे युरोपीय संघाने ते ठरवून दिले आहे. २०२२ च्या निर्देशानुसार फोन, टॅबलेट, हेडफोन इत्यादींच्या चार्जिंगसाठी २८ डिसेंबर २०२४ पासून टाइप-सी बंधनकारक झाले आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठेवली गेली. भारतीय मानक ब्यूरोनेही जानेवारी २०२३ मध्ये टाइप-सीचे भारतीय मानक प्रसिद्ध केले. मला यातली वेळ महत्त्वाची वाटते. कायद्याने हात घातला तेव्हा टाइप-सीला आठ वर्षे होऊन गेली होती आणि सुटेभाग यांनी सांगितलेल्या चुका बव्हंशी निस्तरल्या होत्या. हाच कायदा दहा वर्षे आधी झाला असता, तर आपण सगळे मायक्रो-यूएसबीच्या त्या नाजूक, एकाच बाजूने बसणाऱ्या पिनेला बांधले गेलो असतो. मात्र हे बंधन चार्जिंगपुरते आहे. चित्र आणि वेग यांबाबतचा गोंधळ त्याने मिटत नाही.

सांगलीकर

तपशील असा लिहितो आहे: यूएसबी ३ ची जुन्या आकाराची किमान सहा पोर्टे, चित्र देणारे टाइप-सी एक, एचडीएमआय एक आणि बोर्डावर सिरियल पोर्ट एक. यूएसबी४ चा आग्रह सोडला, कारण प्रयोगशाळेत त्या वेगाचे एकही उपकरण नाही. पुढे लागलेच तर दोन-तीन संगणकांपुरते पाहता येईल. व्हीजीएचे काय करावे, एवढे मात्र सांगावे.

तारायंत्र

डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो, सॅमसंग आणि एलजी डिस्प्ले यांनी मिळून व्हीजीएला निरोप देण्याचे जाहीर केले होते आणि इंटेल व एएमडीने त्यासाठी २०१५ ही मुदत सांगितली होती. १९८७ चे ते पोर्ट आपल्या वर्गांत अजूनही आहे, यावरून उपकरणांचे आयुष्य किती असते ते दिसतेच. संगणकावर व्हीजीए मागू नका. एचडीएमआयमधून येणारा संकेत डिजिटल आणि व्हीजीएचा अॅनालॉग असल्याने नुसती वायर चालत नाही, आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो; प्रोजेक्टरइतके नग आणि दोन जादा, असे निविदेतच लिहा. आवाजाची वेगळी पिन असलेला घ्या, कारण व्हीजीएमधून आवाज जात नाही. आणि आल्या दिवशीच प्रत्येक कन्व्हर्टर प्रोजेक्टरच्या वायरीला केबल-टायने बांधून टाका, म्हणजे तो वर्गातून बाहेर जाणार नाही.