कमिटच्या इतिहासातून चेंजलॉग आपोआप तयार करावा का, आणि कसा?

प्रश्न

आमच्या प्रकल्पाचा चेंजलॉग, म्हणजे प्रत्येक आवृत्तीत काय बदलले याची यादी, आजवर आवृत्ती प्रसिद्ध होण्याच्या आदल्या दिवशी, ज्याला जे आठवेल ते लिहून तयार होत असे. त्यात नेहमी काहीतरी सुटायचे, म्हणून मी गिटमधील (कोडचा इतिहास ठेवणारे साधन) मागच्या टॅगपासून (आवृत्तीला लावलेली खूण) आतापर्यंतच्या सर्व कमिटची (नोंदवलेल्या बदलांची) शीर्षके गोळा करणारी एक स्क्रिप्ट लिहिली. मात्र तिच्या यादीत ‘टायपो दुरुस्त’, ‘पुन्हा प्रयत्न’ आणि मर्ज कमिट (कोडच्या दोन शाखा एकत्र केल्याच्या नोंदी) यांचीच गर्दी असते आणि वापरकर्त्याला कळायला हवा तो बदल त्यात हरवतो. शिवाय माझ्या संगणकावर नीट चालणारी ही स्क्रिप्ट सीआयवर (कोड आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर) मात्र मागचा टॅग सापडत नाही म्हणून थांबते.

उत्तर १

आधी सीआयबद्दल. गिटहब अ‍ॅक्शन्स या सीआय सेवेत कोड उतरवून घेणारी चेकआउटची पायरी मुळात फक्त शेवटची कमिट आणते. जुना इतिहास आणि टॅग तिथे नसतातच. किती इतिहास आणायचा हे ठरवणाऱ्या ‘फेच-डेप्थ’चे मूल्य ० केले की दोन्ही येतात.

गर्दी कमी करण्यासाठी मर्ज कमिट वगळण्याचा मोह होईल, पण तुमचे काम पुल रिक्वेस्टमधून (बदल सामील करण्याच्या विनंतीतून) मुख्य शाखेत येत असेल तर नेमके उलट करावे. ‘फर्स्ट-पॅरेंट’ हा पर्याय दिल्यास लॉगमध्ये मुख्य शाखेचीच वाट दिसते आणि एका पुल रिक्वेस्टमागे एकच नोंद उरते. मर्जचे शीर्षक अर्थपूर्ण ठेवण्याची शिस्त मात्र लागेल.

उत्तर २

कमिटची शीर्षके ठरावीक पद्धतीने लिहिण्याचा ‘कन्व्हेन्शनल कमिट्स’ हा संकेत पाळल्यास वर्गवारीही यंत्रावर सोपवता येते. शीर्षकाच्या सुरुवातीचा ‘फीट’ नवी सुविधा दर्शवतो, ‘फिक्स’ दुरुस्ती दर्शवतो, आणि जुन्या वापराशी विसंगत बदल ‘ब्रेकिंग चेंज’ या तळटिपेने सांगितला जातो. गिट-क्लिफसारखी साधने त्यावरून विभाग पाडतात. सिमँटिक-रिलीज तर पुढचा आवृत्ती क्रमांकही ठरवते. एक गोष्ट सहसा निसटते: एखादा बदल त्याच आवृत्तीत मागे घेतला असेल, तर मूळ नोंद आणि रिव्हर्ट (तो मागे घेणारी कमिट) ही जोडी यादीतून काढायला हवी. गिट रिव्हर्टच्या संदेशात मूळ कमिटचा हॅश (तिचा ओळख-क्रमांक) स्वतःच लिहिते, त्यामुळे जोडी ओळखणे कठीण नाही.

उत्तर ३

वरील सारे बरोबर आहे, पण मूळ अडचण त्याने सुटणार नाही असे माझे ठाम मत आहे, कारण कमिटचा संदेश पुढे तो कोड वाचणाऱ्यासाठी असतो आणि चेंजलॉग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यासाठी. ‘फिक्स: सेशन-कीचे स्वरूप बदलले’ हे शीर्षक निर्दोष आहे, तरीही ‘ही आवृत्ती बसवल्यावर सर्वांना एकदा पुन्हा लॉगिन करावे लागेल’ हे वाक्य त्यातून कोणतेही साधन काढू शकत नाही. म्हणून आम्ही टाउनक्रायर हे साधन वापरतो. प्रत्येक बदलासोबत त्याची नोंद असलेली छोटी फाइल द्यावी लागते, कोडबरोबर तिचेही परीक्षण होते आणि प्रकाशनाच्या वेळी अशा सर्व फाइल्स एकत्र केल्या जातात. मुख्य म्हणजे चुकलेली नोंद नंतर सुधारता येते. सर्वांनी उतरवून घेतलेल्या कमिटचा संदेश बदलायचा तर इतिहासच पुन्हा लिहावा लागतो.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

फेच-डेप्थ बदलताच सीआय सुरळीत चालू लागले. फर्स्ट-पॅरेंटमुळे ४३ नोंदींच्या ११ झाल्या, पण त्यांतील तीन नोंदींचा वापरकर्त्यावर काय परिणाम होतो हे मलाही कोड उघडल्याशिवाय सांगता आले नाही. पुढच्या आवृत्तीपासून टाउनक्रायर लावतो आहे. जुनी स्क्रिप्ट एखाद्या पुल रिक्वेस्टची नोंद राहून गेली आहे का, एवढेच तपासेल.