अनुभव धागा : मित्र जमवून घरी तांब्याची पहिली वाटी

पुण्यात गच्चीवर दोन-तीन मित्र जमवून धातुकाम करू पाहणाऱ्यांसाठी हा धागा. ‘खूप मजा आली’ वगैरे नको. मापं, सामान, काय फसतं आणि का फसतं ते लिहा.

सुरुवात करतो. आधी लोखंडाच्या नादी लागू नका. ते लाल-नारिंगी असेपर्यंतच ऐकतं, त्याला भट्टी लागते, भाता लागतो. तांबं थंड ठोकता येतं. 22 गेजचा पत्रा (सुमारे 0.7 मिमी), त्यातून 12 सेंमी व्यासाची चकती. वजन साधारण 70 ग्रॅम भरतं. कापल्याबरोबर कड कानशीने मारून घ्या. हात हातोडीने क्वचितच फुटतो, कापलेल्या कडेने हमखास कापतो.

ठोकपीठ
बाभळीच्या ओंडक्यात 7 सेंमी रुंद, दीड सेंमी खोल खळगा कोरा. पाव किलोची गोल डोक्याची हातोडी पुरे. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जुनी शोधा. डोकं 400 आणि मग 800 नंबरच्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, कारण हातोडीवरचा प्रत्येक ओरखडा तांब्यावर उमटतो. कडेपासून आत, गोल गोल ठोकत जा. हात एका जागी, फिरवायची ती चकती. कडेला चुण्या पडतातच. त्या त्याच फेरीत लाकडी हातोड्याने बसवा. चुणी दुमडली की तिथेच चीर जाते, मग इलाज नाही.

तापवणी
सगळ्यांची वाटी फाटते ती इथे. ठोकून तांबं कडक होतं. ते डोळ्यांना कळत नाही, कानाला कळतं. नरम पत्र्यावर घाव ‘बद्द’ वाजतो, कडक झाला की ‘खण्ण’. हातोडी उसळून परत येऊ लागली की थांबा आणि तापवून तांबं पुन्हा नरम करा. नवशिके इथेच जोर वाढवतात.

220 ग्रॅमच्या ब्युटेन डब्यावर बसणारा टॉर्च आणि भट्टीची वीट घ्या. सिमेंटच्या कोब्यावर कधीही तापवू नका, आतल्या ओलाव्याची वाफ होऊन टवके उडतात. उजेड कमी करा, म्हणजे मंद लाली दिसेल. भर उन्हात ती दिसत नाही आणि माणूस तापवत सुटतो. तांबं 1085 अंशांना वितळतं, पण त्याच्या कितीतरी आधी कण मोठे होऊन पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. लाली आली, की सांडशीने पाण्यात. पोलाद पाण्यात घातलं की कडक होतं, तांबं होत नाही. उलट वरची काळी खपली सुटते. एका वाटीला तीन-चार वेळा तरी तापवणी लागते. ‘या वेळी राहू दे’ म्हटलं की वाटी गेली.

चिंचपाणी
उरलेला काळा थर चिंचेच्या किंवा सायट्रिक आम्लाच्या कोमट पाण्यात अर्धा तास. त्यात लोखंडी सांडशी बुडवू नका, बांबूची चिमटी करा. आंबट पदार्थ ठेवायचे असतील तर आतून कल्हई हवीच. ती घरी करू नका, नवसागराचा धूर छातीत जातो. कल्हईवाल्याकडे द्या. आणि शिश्याचा सोल्डर खाण्याच्या भांड्याला नाही म्हणजे नाही. जस्त चढवलेला पत्रा तर तापवायचाच नाही, त्याच्या धुराने तापासारखी हुडहुडी भरते.

तिसरा मजला
सोसायटीत ओंडक्याखाली जुना टायर घाला, आवाज बराच मरतो. दुपारी एक ते चार हातोडी उचलू नका, कारण पुणेकरांना सांगायला नको. तीन जणांत ठोकणारा एकच, दुसरा फक्त टॉर्च सांभाळतो. चश्मा तिघांनाही. अख्खा मठार (घावाशेजारी घाव घालत केलेलं ठोककाम) बघायचा असेल तर कसब्यातल्या तांबट आळीत उभे राहून कान द्या. घावांचं अंतर किती सारखं असतं ते कळेल.

कड (पुरवणी)
कड सरळ करायची युक्ती राहिली. काचेवर 120 नंबरचा पेपर चिकटवा, वाटी पालथी घालून आठचा आकडा काढत घासा. कडेवर चमकती पट्टी सगळीकडे सलग दिसली की थांबा. जिथे तुटक दिसते तिथे कड अजून खाली आहे, तिथे घासून काही होत नाही; बाकीची उतरावी लागते.