मदत हवी आहे: सूर्यापासून दूर जाणारा धूमकेतू अचानक कसा उजळतो?

नमस्कार मंडळी. धूमकेतूंच्या वागण्यातली एक गोष्ट मला नीट समजून घ्यायची आहे.

गाभ्यातला बर्फ सूर्याच्या उष्णतेने थेट वायुरूप होतो, वायूबरोबर धूळ बाहेर पडते आणि शेपटी तयार होते, इथपर्यंत सगळं पटतं. सौरवाताने (सूर्यातून सतत बाहेर वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोताने) ढकललेली निळसर वायूची शेपटी वेगळी आणि मागे वळत जाणारी धुळीची वेगळी, हेही कळलं. म्हणजे सूर्य जवळ आला की तेज वाढणार आणि लांब गेला की उतरणार. मग होम्स धूमकेतूचं काय? मे २००७ मध्ये तो सूर्याला सर्वात जवळच्या बिंदूवरून पुढे गेला, हळूहळू दूर जात होता, आणि ऑक्टोबरात दोन दिवसांच्या आत सुमारे पाच लाख पट तेजस्वी झाला! सतराव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितकं तेज कमी) अंधूक ठिपका नुसत्या डोळ्यांना दिसू लागला. विशेष म्हणजे १८९२ मध्ये त्याचा शोध लागला तोही अशाच उद्रेकामुळे. मला तर हे सगळ्या धूमकेतूंमधलं सर्वात विलक्षण उदाहरण वाटतं.

एक स्पष्टीकरण असं की आतला अस्फटिकी (रेणूंची नियमित रचना नसलेला) बर्फ स्फटिकी होताना उष्णता सोडतो आणि अडकलेला वायू एकदम सुटतो. पण उष्णता आतपर्यंत पोचायला काही महिने लागतात म्हणून उद्रेक उशिरा होतो का? की पृष्ठभागाखाली वायूचा दाब साठत जाऊन कवच फुटतं? आणि एवढ्या स्फोटानंतरही गाभा शाबूत कसा राहतो?

कोणी याचा अभ्यास केला असेल तर कृपया सविस्तर लिहा. गणित असलं तरी चालेल.