'एरागॉन' मालिका: उचलेगिरी की वारसा?

धागाकर्ता:
ख्रिस्तोफर पाओलिनीची, ड्रॅगनस्वार झालेल्या एरागॉन नावाच्या मुलाची ही कादंबरीमालिका निव्वळ उचलेगिरी आहे, असं अनेकदा ऐकलंय. मला पटत नाही. ऋण आहेच, उघड आहे. ड्रॅगन आणि स्वाराचं मनातल्या मनात बोलणं अ‍ॅन मॅकॅफ्रीच्या 'ड्रॅगनफ्लाइट'मध्ये (१९६८) आधीच होतं. खरं नाव कळलं की ताबा मिळतो, हे त्याच वर्षीच्या उर्सुला ले ग्विनच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'त. एल्फ आणि ड्वार्फ 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोल्किनच्या वळणाचे. पण १५व्या वर्षी लिहायला बसलेल्या मुलाने नियम किती स्वच्छ बांधलाय! काम हाताने करायला जेवढी शक्ती लागेल, तेवढीच मंत्रानेही खर्च होते. न झेपणारा मंत्र म्हटला तर जीव जातो. लहान वाचकालाही हे लगेच कळतं.

प्रतिसाद १:
नियम मान्य. कथेचं काय? शेतावर वाढलेला पोरका मुलगा, मामाचा खून, गावातला गोष्टीवेल्हाळ म्हातारा जुना योद्धा निघतो, तलवार देतो आणि वाटेत मरतो. मग कैदेतल्या स्त्रीची सुटका, शेवटी बंडखोरांच्या तळावर लढाई. १९७७चा 'स्टार वॉर्स' पाहिलेल्याला प्रत्येक वळण आधीच दिसतं. कल्पना उसनी घेणं वेगळं, अख्खा सांगाडा उचलणं वेगळं.

प्रतिसाद २:
माझी तक्रार याहून मोठी आहे. मी आधी 'एरागॉन' वाचलं, अर्थसी नंतर. खऱ्या नावांची जादू तिथे पहिल्यांदा भेटायला हवी होती. मला ती ओळखीची वाटली. ते नवल कायमचं हुकलं.

धागाकर्ता:
हे मनाला लागलं. सांगाड्याचा आक्षेपही पहिल्या पुस्तकापुरता मान्य. पण दुसऱ्या पुस्तकातली, २००५च्या 'एल्डेस्ट'मधली एल्वा आठवा. एरागॉनने त्या तान्ह्या मुलीला जादूच्या प्राचीन भाषेत आशीर्वाद दिलेला असतो. 'संकटांपासून तुझं रक्षण होवो' म्हणायचं होतं. व्याकरण चुकतं आणि 'तू संकटांपासून रक्षण करणारी ढाल हो' असं होतं. मग आसपासच्या प्रत्येकाची वेदना तिच्या वाट्याला येते. शब्दाची ताकद ले ग्विनकडे होतीच. शब्दाच्या एका रूपाने करपलेलं बालपण मात्र मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

प्रतिसाद १:
एल्वा मलाही विसरता येत नाही. तरी अर्थसीचा नायक गेड, त्याची चूक त्याच्या गर्वातून होते, तीच सावली होऊन त्याच्या मागे लागते. इथे चूक एरागॉनची आणि भोगते ती.

धागाकर्ता:
म्हणूनच ती मला जास्त टोचते. तिसऱ्या पुस्तकात, 'ब्रिसिंगर'मध्ये, एरागॉन तो शाप उतरवायला बसतो, तेव्हाही इतरांना वाचवण्याची सक्ती तेवढी सुटते. इतरांची दुःखं तिला जाणवतच राहतात.