काउंटरवर शुगरचा अलार्म वाजला, तर वाजू द्यायचा की नाही?

तापीकाठची
मला टाइप १ डायबेटिस आहे. दंडाला सेन्सर असतो, तो शुगरचे आकडे मोबाइलवर पाठवत राहतो आणि ७० च्या खाली गेली की मोबाइल ठणाणा करतो. चोपडा तालुक्यातल्या एका पतसंस्थेत मी सोनेतारणाच्या काउंटरवर बसते. परवा सराफांनी एका बाईंची पोत काट्यावर ठेवली आणि नेमका माझा अलार्म सुरू झाला. बाईंना वाटलं, काट्यातच काहीतरी गडबड आहे! पोत उचलून पुन्हा मोजायला लावली. संध्याकाळी साहेबांनी बोलावून सांगितलं, "मॅडम, ते सायलेंटवर टाका, गिऱ्हाईक बिचकतं."

मी टाकणार नाही. शुगर ५४ च्या खाली उतरली की माणसाचं भान सुटायला लागतं, जीभ अडखळते, आकडे चुकतात. ग्रॅम आणि रकमा लिहिणाऱ्या बाईचे आकडे चुकलेले संस्थेला चालतील का? मला स्वतःला कळलं नाही, तर निदान शेजारच्याला कळावं, म्हणून आवाज हवा. बोला.

भुसावळ_४६
ताई, मी पण टाइप १ वालाच, पण तुमच्या विरोधात. शेजारच्याला त्या आवाजातून काय कळतं? पहिल्या आठवड्यात सगळे धावत येतात, दुसऱ्या आठवड्यात "वाजलं यांचं परत" म्हणून मान खाली घालतात. सतत वाजणाऱ्या अलार्मचं हेच होतं, दवाखान्यातल्या नर्सनाही त्याची सवय होऊन जाते.

दुसरं, तुमचे सगळे अलार्म लो शुगरचेच असतात का? खरं सांगा. अनेकांनी हाय शुगरची मर्यादा १८० ला ठेवलेली असते. डब्यातली शेवभाजी-भाकरी पोटात गेली की तासाभरात बोंब. त्यात तातडीचं काहीच नसतं. डॉक्टरांना विचारून ती मर्यादा वर न्या किंवा कामाच्या वेळी तिचा आवाज काढा. फोनपासून लांब गेल्यावर सिग्नल तुटल्याचा अलार्म होतो, तो वेगळाच. उरलेला लो मनगटावरच्या घड्याळात थरथरू द्या. लोकांना कशाला त्रास?

तापीकाठची
घड्याळाची थरथर मला झोपेत तर नाहीच, पण गर्दीच्या वेळीही कळत नाही. आणि मला इतकी वर्षं झालीत की लो होताना घाम, धडधड आता फारशी जाणवत नाही. ज्याला आतून कळतं, त्याचं थरथरीवर भागेल. माझं भागत नाही. हायचं मात्र पटलं.

केळीबाग_रावेर
भो, मी सांगस ते ऐका. आमच्या आप्पांना शुगर होती, कुठलं मशीन नव्हतं, ऐंशी वर्षं काढली. चक्कर आली तर एक केळं खायचं, विषय संपला. तुम्ही दंडाला मशीन लावून घेता आणि मग ते वाजतं म्हणून भांडता.

आठवीचे_सर
नाना, आप्पांना गोळ्या असतील. टाइप १ मध्ये इन्सुलिन शरीरात बनतच नाही म्हटलं तरी चालेल, बाहेरून घ्यावंच लागतं आणि थोडं जास्त पडलं की शुगर कोसळते. आणि रावेरच्या केळ्याचा अपमान नाही, पण लो झाल्यावर त्याच्या आधी ग्लुकोज पावडर. १५ ग्रॅम पाण्यात, १५ मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. चॉकलेट तर नकोच, त्यातल्या तुपकटपणामुळे साखर रक्तात उशिरा उतरते.

माझ्या वर्गातल्या एका मुलीला सेन्सर आहे. मी मुलांना एकदाच सांगितलं, हा आवाज झाला की तिला डबा उघडू द्यायचा. नंतर कुणी मान वळवली नाही. सीबीएसईने २०१७ मध्ये टाइप १ च्या मुलांना परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळं, पाणी न्यायची मुभा दिली. मुलांना जे जमतं ते पतसंस्थेला का जमू नये?

नाव_नको
सर, वर्गातल्या मुलीचं ठीक आहे. मी जळगावला एका ऑफिसात आहे आणि तिथे कुणाला माहीत नाही. घरी माझ्यासाठी स्थळं बघताहेत. अलार्म एकदा वाजला की दुपारच्या चहापर्यंत सगळ्या मजल्यावर होतं आणि संध्याकाळपर्यंत पाहुण्यांच्या घरी. म्हणून माझा आवाज बंदच. "वाजू द्या" म्हणणं तुम्हाला सोपं आहे.

तापीकाठची
ताई, ते तुमचं तुम्ही ठरवा, त्यावर मी बोलणार नाही. पण एखाद्या मैत्रिणीला तरी सांगून ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नसतं, एवढं तरी तिला ठाऊक हवं.

डाळमिल
आमच्याकडे वादच नाही. यंत्रं सुरू झाली की माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, अलार्म कुठला. मोबाइल आत न्यायची बंदी, तो कपाटात. सहा-सात मीटरच्या पलीकडे ब्लूटूथ तुटतं, मग दिवसभर कपाट ओरडतं आणि वॉचमन शिव्या घालतो. शेवटी सेन्सरचा वेगळा रीडर घेतला, मोबाइलऐवजी तोच आकडे दाखवतो, खिशात मावतो, त्याला परवानगी मिळाली. मे महिन्यात तर घामाने सेन्सरच निघतो, वरून पट्टी लावावी लागते. बरेच सेन्सर ४२ ते ४५ अंशांपर्यंतच चालतात म्हणे, आमच्या पत्र्याखाली या एकदा.

भुसावळ_४६
एक राहिलं. ग्लुकोज घेतल्यावरही अलार्म परत वाजतो, आणि लोक वैतागतात ते खरं त्याला. "आत्ताच खाल्लं ना, मग आता काय?" सेन्सर रक्तातली शुगर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो. तिथे बदल पाच ते पंधरा मिनिटं उशिरा दिसतो. अशा वेळी बोटाला टोचून बघा, वर आली असेल तर गप्प बसा, घाबरून अजून पेढे खाऊ नका. नाहीतर तासाभराने हायचा अलार्म आहेच! आणि ताई, काही कंपन्यांचा ५५ चा तातडीचा अलार्म ॲपमधून बंदच करता येत नाही. तसा असेल तर साहेबांना तेवढंच सांगा, वाद मिटला.

तापीकाठची
माझ्यावाला बंद करता येतो, तेच तर दुखणं आहे. हायचा आवाज काढला. लो शुगरचा ठेवला, आवाज थोडा उतरवून. शिपाई काकांना ग्लुकोजचा डबा कुठल्या खणात आहे ते दाखवलं, सराफांनाही. साहेबांशी सोमवारी बोलते.

केळीबाग_रावेर
साहेबाला आधी दाखवायचा होता ना डबा.