‘हितधारकांशी सल्लामसलत’ की ‘विचारविनिमय’? तंत्रज्ञानविषयक विधेयकांच्या संदर्भात नेमका शब्द कोणता?

प्रश्न (दादर)

आमच्या ग्राहक मंडळासाठी मी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यावरची एक पुस्तिका मराठीत तयार करीत आहे. मूळ इंग्रजी मजकुरात हा कायदा सर्व संबंधितांना व्यापक प्रमाणावर विचारून तयार झाला, अशा आशयाचे विधान पुन्हा पुन्हा येते. माझ्या खर्ड्यात ‘हितधारकांशी व्यापक सल्लामसलत’ असे आहे आणि तपासणाऱ्या सहकाऱ्यांनी तेथे ‘भागधारकांशी विचारविनिमय’ असे सुचविले आहे. पुस्तिकेचे वाचक घरकामगार, रिक्षाचालक आणि छोटे दुकानदार आहेत. कायदा करताना कोणाला विचारले गेले, ते काय म्हणाले आणि त्याचे पुढे काय झाले, हे ज्या शब्दांतून त्यांना उमगेल ते शब्द मला हवे आहेत. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर (गिरगाव)

‘भागधारक’ हा शब्द येथे अजिबात वापरू नये. कंपनीचे शेअर ज्याच्या नावावर आहेत तो भागधारक, हा अर्थ मराठीत पक्का रुजलेला आहे आणि मुंबईच्या वाचकाला तर तो सांगावाही लागत नाही. माहिती संरक्षणाच्या विधेयकाबाबत ‘भागधारकांशी चर्चा झाली’ असे छापले, तर सरकारने फक्त कंपन्यांच्या मालकांना बोलावले असा समज होईल. ‘हितधारक’ हिंदीतून आला असला तरी शासकीय मराठीत तो आता रुळला आहे. मात्र आपल्याकडे त्याच्या आधीपासून ‘हितसंबंधित व्यक्ती’ हा प्रयोग आहे. भूसंपादनाच्या नोटिसांत तो असतो आणि वृत्तपत्रांतील घर-जागेच्या जाहीर सूचनांतही ‘कोणाचा हक्क किंवा हितसंबंध असल्यास इतक्या दिवसांत लेखी कळवावे’ असे वाक्य नेहमीच दिसते. आपल्या वाचकांनी ते वाक्य पाहिलेले असेल. माझे मत ‘हितसंबंधित’ या शब्दाला आहे. सलग वाक्यात तो जड वाटला, तर ‘ज्यांच्यावर या कायद्याचा परिणाम होणार आहे ते’ असे सरळ लिहावे.

उत्तर (मुलुंड)

‘भागधारक’विषयी वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न दुसऱ्या शब्दाचा आहे, कारण लोकप्रतिनिधींनी लोकांना विचारणे या एकाच कृतीसाठी मराठीत पाच-सहा शब्द आहेत आणि त्यांतील प्रत्येक शब्द पारदर्शकतेची वेगळी पायरी दाखवतो.

‘मसलत’ आणि ‘सल्ला’ हे दोन्ही शब्द मुळात एकाच अरबी धातूपासून आले असून त्यात हित, कल्याण हा अर्थ आहे. मराठीत येता येता, विशेषतः पेशवाईतील पत्रव्यवहारात, ‘मसलत’ या शब्दाला बेत, मोहीम, आतल्या गोटातला विचार अशी छटा आली. त्याच्या शेजारचा शब्द ‘खलबत’. तो ‘खल्वत’ म्हणजे एकांत या शब्दावरून आला आहे, रायगडावर खलबतखाना दाखवतात तो याच अर्थाने, आणि नेत्यांची बंद दाराआडची बैठक झाली की वृत्तपत्रे आजही ‘खलबते’ असेच लिहितात. ‘सल्लामसलत’ या जोडशब्दात गुप्ततेची सक्ती नाही, पण उघडेपणाची हमीही नाही. कोणाचा सल्ला घेतला हे सांगण्याचे बंधन सल्ला घेणाऱ्यावर राहत नाही.

‘विचारविनिमय’ या शब्दाचे तसे नाही. विनिमय म्हणजे देवघेव. एका बाजूने मत आले आणि दुसऱ्या बाजूने त्याला कारणांसह उत्तर गेले, तरच हा शब्द सार्थ ठरतो. आता ज्या कायद्यावर आपली पुस्तिका आहे त्याची वाटचाल पाहावी. माहिती संरक्षणाच्या कायद्यासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने नोव्हेंबर २०१७ मध्ये श्वेतपत्रिका, म्हणजे चर्चेसाठीचे टिपण, काढली आणि जानेवारी २०१८ मध्ये इतर शहरांप्रमाणे मुंबईतही सभा घेतली; परंतु श्वेतपत्रिकेवर आलेले लेखी अभिप्राय केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने प्रसिद्ध केले नाहीत. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेले विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेले, समितीने डिसेंबर २०२१ मध्ये ८१ दुरुस्त्या सुचविणारा अहवाल दिला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने ते विधेयकच मागे घेतले. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला नवा मसुदा आला, तेव्हा मंत्रालयाने सूचनेतच लिहिले की आलेले अभिप्राय विश्वासाच्या नात्याने जपले जातील आणि त्यांतील काहीही जाहीर केले जाणार नाही. वीस हजारांहून अधिक सूचना आल्याचे सरकारने सांगितले. त्या कोणाच्या होत्या, कोणत्या कलमावर होत्या, त्यांतील कोणत्या स्वीकारल्या आणि कोणत्या का नाकारल्या, हे लोकांपुढे आले नाही. अशा प्रक्रियेला ‘विचारविनिमय’ म्हणणे मला भाषेच्या दृष्टीने चुकीचे वाटते. फार तर ‘अभिप्राय मागविले’ असे म्हणता येईल.

हा आग्रह नुसता कोशातला नाही. केंद्र सरकारच्या विधी मंत्रालयाने ५ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्व मंत्रालयांना कळविलेल्या धोरणात मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, त्यासोबत सोप्या भाषेत स्पष्टीकरण द्यावे आणि आलेल्या अभिप्रायांचा सारांश मंत्रालयाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावा, असे म्हटले आहे. विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेल्यास हा सारांश समितीपुढेही ठेवायचा आहे. हे धोरण कायदा नसल्यामुळे ते न पाळल्यास विधेयक अडत नाही. ऑनलाइन गेमिंगचे विधेयक २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत मांडले गेले व त्याच दिवशी संमत झाले, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत संमत झाले आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरीही झाली. त्या तीन दिवसांना वरीलपैकी कोणताही शब्द लागू पडत नाही.

शंका (माहीम)

मुलुंडच्या महोदयांचे विवेचन पटते, तरी एक अडचण मांडतो. संसदीय समित्यांच्या बैठका नियमानेच खासगी असतात आणि पुराव्याचा जो भाग सभागृहापुढे ठेवला जात नाही तो अध्यक्षांच्या परवानगीशिवाय कोणालाही पाहता येत नाही. सदस्यांनी पक्षभेद बाजूला ठेवून मोकळेपणाने बोलावे आणि साक्ष देणाऱ्यावर दडपण नसावे, हा त्यामागील हेतू आहे. सारे काही उघड केले, तर एखाद्या कंपनीत काम करणारा माणूस त्याच कंपनीच्या विरोधात अभिप्राय कसा पाठवील? ‘विश्वासाच्या नात्याने’ हे शब्द मंत्रालयाने याच कारणासाठी वापरले नसतील का?

उत्तर (मुलुंड)

शंका रास्त आहे आणि तिच्यात दोन वेगळे प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न ‘विश्वासाच्या नात्याने’ यामागील ‘विश्वासाश्रित’ या कायद्यातील शब्दाचा. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ८(१)(ङ) मध्ये विश्वासाश्रित संबंधामुळे मिळालेल्या माहितीला अपवाद आहे. हा संबंध म्हणजे वकील आणि अशील किंवा विश्वस्त आणि लाभार्थी यांच्यासारखा, ज्यात एकाने दुसऱ्याच्या हितासाठीच वागायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये रिझर्व्ह बँक विरुद्ध जयंतीलाल मिस्त्री या प्रकरणात सांगितले की रिझर्व्ह बँकेचे इतर बँकांशी असे नाते नाही. बँकांचा फायदा पाहणे हे तिचे कर्तव्य नसून जनतेचे हित पाहणे हे आहे. हाच विचार पुढे नेला, तर मसुद्यावर अभिप्राय पाठविणाऱ्या कंपनीचा विश्वस्त मंत्रालय कसे होऊ शकते? मंत्रालय विश्वस्त असेलच तर ज्यांच्या माहितीविषयी कायदा होत आहे त्या नागरिकांचे. हे माझे मत आहे, न्यायालयाने अभिप्रायांच्या बाबतीत असे म्हटलेले नाही. पण शब्दाचा अर्थ मला याच दिशेने नेतो. त्याच अधिनियमाचे कलम ४(१)(ग) महत्त्वाची धोरणे आखताना सर्व संबंधित तथ्ये सरकारने आपणहून प्रसिद्ध करावीत असे सांगते.

दुसरा प्रश्न अभिप्राय देणाऱ्याच्या सुरक्षिततेचा आहे आणि तो मी हलका मानत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाला त्याच्या १९९७ च्या अधिनियमाने पारदर्शकता बंधनकारक केली आहे. ते सल्लापत्र काढते, आलेली मते प्रसिद्ध करते आणि त्यांवर प्रतिमतेही मागविते, त्यामुळे कोणत्या कंपनीने काय मागितले हे कोणालाही वाचता येते. परंतु २०१५ मध्ये इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांनी सर्व संकेतस्थळांना समान वागणूक द्यावी का (‘नेट न्यूट्रॅलिटी’), या प्रश्नावर दहा लाखांहून अधिक ईमेल आले, तेव्हा ते पाठविणाऱ्यांच्या पत्त्यांसह प्रसिद्ध झाले आणि लोक योग्य कारणाने संतापले. त्यामुळे संस्था, कंपन्या आणि उद्योगसंघटना यांचे अभिप्राय नावानिशी, आणि व्यक्तींचे अभिप्राय त्यांनी विनंती केल्यास नाव, पत्ता, फोन वगळून प्रसिद्ध करावेत, हा भेद मला आवश्यक वाटतो. खऱ्या व्यापारी गुपिताचा भाग झाकता येतो, पण संपूर्ण अभिप्राय झाकण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

समित्यांच्या खासगीपणाविषयी एवढेच, की चर्चा खासगी ठेवणे आणि आलेले लेखी पुरावे खासगी ठेवणे या दोन गोष्टी एक नाहीत. ब्रिटनच्या संसदेतील संयुक्त समितीने २०२१ मध्ये ऑनलाइन सुरक्षेच्या विधेयकाच्या मसुद्याची छाननी करताना लेखी पुरावे प्रसिद्ध केले आणि मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या प्रतिनिधींच्या साक्षी उघडपणे घेतल्या. युरोपीय संसदेत अहवाल तयार करणाऱ्या सदस्याला ज्या संस्थांकडून माहिती मिळाली त्यांची यादी अहवालाला जोडावी लागते.

पुरवणी (बोरिवली)

परदेशापर्यंत न जाताही उदाहरणे मिळतात. पर्यावरण परिणामांविषयीच्या २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पासाठी ‘जनसुनावणी’ होते. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी तिच्या अध्यक्षस्थानी असतो, तिचे चित्रीकरण होते आणि लोकांनी मांडलेले मुद्दे व त्यांवरील प्रकल्पकर्त्याचे म्हणणे स्थानिक भाषेतही लिहून कार्यवृत्ताला जोडले जाते. प्रत्यक्षात या सुनावण्या अनेकदा गुंडाळल्या जातात हे खरे. तरीही काय पाळले गेले नाही हे दाखविता येते, कारण काय पाळायचे ते लिहिलेले आहे. आपल्या शहरातीलच उदाहरण द्यायचे तर रिझर्व्ह बँकेने ७ मे २०२५ रोजी स्वतःसाठी आखलेल्या चौकटीत विनियमाच्या मसुद्यावर किमान २१ दिवस अभिप्राय घेण्याचे आणि त्यांवर आपले सर्वसाधारण उत्तर प्रसिद्ध करण्याचे मान्य केले आहे. नियामक संस्था जे स्वीकारते ते कायदेमंडळाच्या प्रक्रियेत मागणे वावगे नाही.

मुंबईकराच्या कानाला सर्वांत सवयीचा शब्द मात्र ‘हरकती व सूचना’ हा आहे. शहराच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्यावर हजारो नागरिकांनी त्या दिल्या आणि २०१५ मध्ये पहिला मसुदा मागे घेऊन नव्याने काम करावे लागले. या जोडशब्दात ‘हरकत’ आधी येते, म्हणजे विरोध नोंदविण्याचा अधिकार गृहीत धरलेला असतो. ‘अभिप्राय’ किंवा ‘सूचना’ या एकेकट्या शब्दांत तो दिसत नाही. तंत्रज्ञानविषयक विधेयकांबाबतही हाच शब्द वापरावा असे मी सुचवीन.

प्रश्नकर्त्यांकडून (दादर)

सर्वांचे आभार. सर्व मते विचारात घेऊन मूळ विधान मी आता असे लिहिले आहे: ‘ज्यांच्यावर या कायद्याचा परिणाम होणार आहे त्यांच्याकडून सरकारने मसुद्यावर हरकती व सूचना मागविल्या. वीस हजारांहून अधिक सूचना आल्या, असे सरकारने सांगितले आहे. त्या कोणी दिल्या आणि त्यांवर सरकारचे उत्तर काय होते, हे प्रसिद्ध झालेले नाही.’ मूळ मजकुराच्या लेखकांना हा बदल कारणांसह कळविला आहे, कारण यातील शेवटचे वाक्य त्यांच्या मजकुरात नव्हते. ‘विचारविनिमय’ हा शब्द पुस्तिकेत एकाच ठिकाणी ठेवला आहे, दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या मते-प्रतिमतांच्या पद्धतीचे वर्णन जेथे येते तेथे.