ऑक्टोपस की हत्ती, जास्त हुशार कोण?

खारंवारं:
परवा घरी यावरून चांगलाच वाद झाला. हत्ती हुशार हे सगळ्यांना पाठ आहे, पण माझं मत ऑक्टोपसला. हत्तीच्या पिल्लाला आई असते, मावश्या असतात, सोंड कशी वापरायची हे बघून शिकायला कितीतरी महिने मिळतात. ऑक्टोपसची पिल्लं अंड्यातून निघतात तेव्हा आई मरायला टेकलेली असते, शिकवणारं कोणीच नाही आणि बहुतेक जातींना आयुष्य एक-दोन वर्षांचं. तेवढ्यात हा प्राणी बरणीचं झाकण फिरवून उघडायला शिकतो, इंडोनेशियातले तर समुद्रतळावरच्या नारळाच्या करवंट्या कवटाळून सोबत नेतात आणि वेळ पडली की त्यात लपतात, २००९ मध्ये यावर संशोधन छापून आलंय. न्यूझीलंडच्या नेपियरमधल्या मत्स्यालयातला इंकी नावाचा ऑक्टोपस टाकीतून निघून, जमिनीवरून सरपटत जाऊन पाइपातून थेट समुद्रात गेला, २०१६ ची बातमी आहे. हे त्याला कोणी शिकवलं सांगा?

तिळारीकाठ:
अजिबात पटलं नाही. दोडामार्गात २००२ पासून कर्नाटकातून हत्ती येतायत, माड आणि केळी झोपवतात, त्याचा त्रास आम्हालाच होतो, तरी सांगतो की हत्तीचं डोकं वेगळंच. झाकण उघडणं ही करामत झाली. टांझानियात तारांगिरे राष्ट्रीय उद्यानात १९९३ मध्ये मोठा दुष्काळ पडला, तेव्हा जे कळप पार्क सोडून बाहेर गेले त्यांची पिल्लं जास्त जगली, त्या कळपांत वयस्क माद्या होत्या. जे तिथेच थांबले त्यांच्यातल्या म्हाताऱ्या माद्या चोरट्या शिकारीत आधीच गेल्या होत्या. म्हणजे एक म्हातारी मेली की पाण्याची वाटच मेली. अक्कल म्हणतात ती याला.

खारंवारं:
पण ती कळपाची पुंजी झाली ना, एकट्याचं काय? ऑक्टोपसकडे साधारण ५० कोटी न्यूरॉन, म्हणजे मज्जापेशी, त्यातले दोन तृतीयांश हातांत, प्रत्येक हात स्वतःच चाचपून ठरवतो. मालवणला आपण म्हाकूल (स्क्विड) खातो ना, ती त्याचीच भावकी.

तिळारीकाठ:
आकडेच हवेत तर हत्तीकडे २५७ अब्ज आहेत. बहुतेक लहान मेंदूत आहेत हे मान्य, सोंडेचं काम तेवढं बारीक असतं.

शेवाळ:
दोघांनाही विचारते, आई मरते म्हणून ऑक्टोपसला परंपरा नाही, पण त्या आईचं काय? कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे खाडीत १,४०० मीटर खोल एक मादी २००७ ते २०११, तब्बल ५३ महिने, एकाच कड्यावर अंडी सांभाळत बसली होती. शास्त्रज्ञांनी १८ वेळा वरून चालवायचं यंत्र खाली पाठवून पाहिलं, ती एकदाही खाताना दिसली नाही, जवळ आलेले खेकडे नुसते ढकलून द्यायची. शेवटी पाहिलं तेव्हा कड्यावर फुटलेली कवचं होती, ती नव्हती.

तिळारीकाठ:
५३ महिने!! हत्तीणीचं गरोदरपण २२ महिन्यांचं. मत बदलत नाही, पण हे माहीत नव्हतं.